मान्सूनपूर्व तयारीची बोथट धार

मे महिना उजाडला की राज्यात मान्सूनपूर्व तयारीच्या बैठकांना सुरुवात होते. गटारांची सफाई, धोकादायक झाडांची पाहणी, वीजवाहिन्यांना टेकलेल्या फांद्यांची छाटणी, नियंत्रण कक्षाचे दूरध्वनी क्रमांक असा या बैठकांचा ठरलेला क्रम असतो. त्यातच यंत्रसामग्रीचा एक तक्ता असतो आणि त्या तक्त्यात यांत्रिक करवतींची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या चेनसॉची संख्या असते. या तक्त्यात सहसा यंत्रे मोजलेली असतात. ती कोणत्या अवस्थेत आहेत, साखळीला धार आहे का, बारची खाच साफ आहे का, तेल साखळीपर्यंत पोहोचते का, याची नोंद क्वचितच आढळते. पहिल्या वादळी पावसात रस्त्यावर आडवे झालेले झाड मात्र संख्येला दाद देत नाही.

विषय वरवर पाहता किरकोळ, एखाद्या कारागिराच्या हत्यारपेटीपुरता वाटेल. परंतु गोव्यासारख्या राज्यात, जिथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि जिथे बहुतेक रस्ते झाडांच्या सावलीतून जातात, तिथे करवतीची धार ही नागरी सेवेच्या गुणवत्तेची बाब ठरते. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळ किनाऱ्याजवळून सरकले तेव्हा राज्यात दोघांचा बळी गेला, शेकडो झाडे उन्मळून पडली, विजेचे खांब मोडले आणि अनेक गावे अंधारात गेली. कोविडची दुसरी लाट तेव्हा ऐन भरात होती. अशा वेळी रस्ता मोकळा व्हायला लागणाऱ्या प्रत्येक मिनिटाला किंमत असते, हे त्या दिवसांनी दाखवून दिले.

रस्ता मोकळा होण्याचे गणित

झाड पडल्याची वर्दी मिळाल्यापासून रस्ता मोकळा होईपर्यंतचा वेळ तीन भागांत विभागता येतो: पोहोचण्याचा वेळ, वीजप्रवाह बंद झाल्याची खात्री करण्याचा वेळ आणि प्रत्यक्ष कापण्याचा वेळ. पहिल्या दोहोंवर वाहतूक, अंतर आणि दोन खात्यांमधील समन्वय यांचा परिणाम होतो. तिसरा भाग मात्र जवळजवळ पूर्णपणे हत्याराच्या स्थितीवर आणि चालवणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असतो. नीट धार लावलेली साखळी लाकडात आपल्या वजनानेच उतरते. बोथट साखळीला रेटावे लागते, त्यात वेळ जातो, यंत्र तापते, माणूस थकतो आणि थकलेल्या हातातले यंत्र धोकादायक होते.

चोर्ला किंवा अनमोड घाटात झाड आडवे झाले तर बेळगावकडील वाहतूक ठप्प होते. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे केवळ राज्यातूनच नव्हे, तर शेजारच्या सिंधुदुर्गातून आणि कारवारकडूनही रुग्ण येत असतात. १०८ ची रुग्णवाहिका झाडाच्या पलीकडे उभी असताना अलीकडे करवत नुसतीच घरघरत असेल, तर तो केवळ तांत्रिक बिघाड म्हणून सोडून देता येणार नाही.

येथे आणखी एक स्थानिक वास्तव ध्यानात घ्यावे लागते. पडलेले झाड स्वच्छ लाकूड म्हणून समोर येत नाही. मुळांना जांभ्याची माती आणि खडी चिकटलेली असते, खोड चिखलात रुतलेले असते. रस्त्याकडेच्या झाडांत जाहिरातफलकांसाठी ठोकलेले खिळे आणि कुंपणाच्या तारा वर्षानुवर्षे सालीच्या आत गडप झालेल्या असतात. माडाचे खोड तंतुमय असते आणि त्यातील सिलिकामुळे धार लवकर जाते. शिवाय त्याचे धागे यंत्राच्या झाकणाखाली गुंतून बसतात. साखळीचा दात क्षणभर जमिनीला किंवा खिळ्याला लागला तरी तिची धार मरते. म्हणजे पावसाळ्यात एकाच दिवशी तीनचार ठिकाणी धावणाऱ्या पथकाला सकाळची धार दुपारपर्यंत पुरेलच असे नाही. धार लावणे हे वर्षातून एकदा उरकण्याचे काम मानले, तर गणित पहिल्याच दिवशी चुकते.

दात, साखळी आणि बार

चेनसॉची साखळी कापते कशी, हे समजले की देखभालीचे बहुतेक नियम आपोआप उलगडतात. आजच्या साखळीचा मूळ आराखडा अमेरिकेतील ऑरेगन राज्यातल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याचा. लाकूड पोखरणारी अळी आपल्या जबड्यांनी डावीकडून-उजवीकडून लाकूड कुरतडत पुढे सरकते, हे त्याने १९४६ मध्ये निरखले आणि पुढल्याच वर्षी तशाच वाकड्या दातांची साखळी बाजारात आणली. डावा दात, उजवा दात अशी तिची आलटून पालटून रचना असते. प्रत्येक दात सुताराच्या रंध्यासारखा काम करतो. मागचे धारदार पाते लाकूड तासते आणि पुढचा लहानसा उंचवटा, ज्याला डेप्थ गेज म्हणतात, तो पाते किती खोल जाणार हे ठरवतो.

म्हणूनच साखळीची प्रकृती ओळखण्याची सर्वांत सोपी खूण यंत्रातून बाहेर पडणाऱ्या भुशात असते. छिलक्यांसारखे जाडसर तुकडे पडत असतील तर धार ठीक आहे. पिठासारखी पूड उडू लागली, कापातून धूर येऊ लागला, यंत्र दाबावे लागू लागले, तर धार गेली असे समजावे. कापा सरळ न जाता एका बाजूला वळत असेल, तर डाव्या आणि उजव्या दातांना सारखी धार लागलेली नाही किंवा बारच्या दोन कडांची झीज कमीजास्त झाली आहे.

धार लावण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. गोल कानस, चपटी कानस आणि डेप्थ गेज मोजण्याची लहान पट्टी एवढे पुरते. मात्र कानस साखळीच्या मापाची हवी. ०.३२५ इंच पिचच्या साखळीला साधारणपणे ४.८ मिलिमीटर व्यासाची, लहान यंत्रांवरील कमी उंचीच्या ३/८ इंची साखळीला ४ मिलिमीटरची, तर मोठ्या ३/८ इंची साखळीला ५.२ किंवा ५.५ मिलिमीटरची कानस लागते. हाताला येईल ती कानस फिरवली तर दाताचा कोनच बदलतो. बहुतेक साखळ्यांवर दाताच्या वरच्या कडेचा कोन २५ ते ३५ अंशांच्या दरम्यान, सर्वसाधारणपणे ३० अंश ठेवतात. कानस दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेने चालवायची आणि परतताना उचलून घ्यायची. प्रत्येक दातावर सारखेच, दोन किंवा तीन हात मारायचे. आधी एका बाजूचे सगळे दात, मग दुसऱ्या बाजूचे. एखादा दात जास्त झिजला असेल, तर बाकीचे त्याच्या लांबीला आणावे लागतात. दाताची लांबी ४ मिलिमीटरवर किंवा उत्पादकाने कोरलेल्या खुणेपर्यंत आली की साखळी बदलायची.

दात झिजत जातो तसा तो खालीही येतो, कारण त्याची वरची बाजू मागे उतरती असते. त्यामुळे काही वेळा धार लावल्यानंतर डेप्थ गेजही चपट्या कानशीने उतरवावा लागतो. दाताच्या टोकापेक्षा तो साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा, असे माप अनेक साखळ्यांसाठी दिलेले असते. हे काम राहून गेले तर दाताला धार असूनही साखळी लाकडावरून नुसती घसरते. उत्साहाच्या भरात गेज जास्त उतरवला तर साखळी लाकडात ओरबाडत घुसते आणि यंत्र उसळण्याचा धोका वाढतो. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागताच यंत्र चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे फेकले जाते, त्याला किकबॅक म्हणतात. साखळी त्या वेळी सेकंदाला २० मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने, म्हणजे ताशी ७० किलोमीटरच्या पुढे, धावत असते. शिडीवर उभ्या असलेल्या जवानाच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

साखळीइतकेच लक्ष बारकडे द्यावे लागते, आणि नेमके तेच सर्वाधिक दुर्लक्षिले जाते. बारच्या खाचेत तेल आणि भुसा यांचे लुकण साचते आणि तेल येण्याचे बारीक छिद्र बुजते. प्रत्येक वेळी साखळी काढली की खाच पातळ पट्टीने कोरून साफ करावी आणि छिद्र मोकळे करावे. काम करताना बारची एकच कड अधिक झिजते. म्हणून धार लावताना बार उलटा करून बसवण्याची पद्धत आहे. कडांवर उभा राहिलेला धातूचा कंगोरा चपट्या कानशीने काढून टाकावा. दोन्ही कडा सारख्या आहेत का, हे पाहण्याची कसोटी अगदी साधी आहे: सपाट काचेवर बार कडेवर उभा करून शेजारी सुताराचा गुण्या धरावा. बार एका अंगाला कलला तर कडा असमान झाल्या आहेत. खाच इतकी उथळ झाली की साखळीचे खालचे दात तिच्या तळाला घासू लागतात, तेव्हा बार बदलण्यावाचून इलाज उरत नाही. साखळी फिरवणारे स्प्रॉकेटही साखळीबरोबर झिजते. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी साखळी चढवली तर ती अकाली खराब होते. साधारण दोन साखळ्यांनंतर स्प्रॉकेट बदलावे, असा संकेत आहे.

उरतो तो ताण. इंजिन बंद असताना, बारचे टोक वर उचलून साखळी ताणावी. ती बारच्या खालच्या कडेला चिकटून राहिली पाहिजे, पण हातमोजा घालून ओढली तर सहज फिरलीही पाहिजे. सैल साखळी निसटते आणि माणसाला जखमी करू शकते. फार ताणलेली साखळी बार जाळते. नवी साखळी पहिल्या काही तासांत लवकर सैल होते, म्हणून ती वारंवार तपासावी लागते. काम संपल्यावर तापलेली साखळी थोडी सैल करून ठेवणेही तितकेच आवश्यक आहे, कारण थंड होताना ती आखडते आणि तिचा ताण बारवर आणि इंजिनाच्या दांड्यावर येतो.

जळक्या ऑइलची काटकसर

चेनसॉमध्ये इंधनाची टाकी वेगळी आणि साखळीच्या तेलाची वेगळी असते. इंधनाची एक टाकी संपते तेव्हा तेलाची टाकीही जवळजवळ रिकामी होत आली पाहिजे, अशा बेताने यंत्र घडवलेले असते. इंधन संपले आणि तेल तसेच भरलेले राहिले, तर ती बचत समजू नये. तेलाचा मार्ग बुजल्याची ती खूण आहे. यंत्र चालू करून बारचे टोक एखाद्या फिकट रंगाच्या खोडासमोर थोड्या अंतरावर धरले, तर त्यावर तेलाची पुसट रेघ उमटली पाहिजे. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती रोज करता येते.

या टाकीत गॅरेजमधले जळके ऑइल ओतण्याची सवय मात्र दूरवर पसरलेली आहे. ते फुकट मिळते, ही तिची एकमेव जमेची बाजू. इंजिनातून काढलेल्या तेलात धातूचे सूक्ष्म कण असतात. ते बारच्या खाचेत पॉलिश कागदासारखे काम करतात. साखळीच्या तेलाला जो चिकटपणा लागतो तो त्यात नसतो, त्यामुळे बारच्या टोकाशी येताच ते उडून जाते. शिवाय त्यातील ज्वलनाचे अवशेष त्वचेला आणि श्वसनाला अपायकारक असतात, आणि ते चालवणाऱ्याच्या हातावर, कपड्यांवर सतत उडत राहते.

हा प्रश्न यंत्रापुरता थांबत नाही. साखळीचे तेल इंजिनाच्या तेलासारखे फिरून परत येत नाही. टाकीत जेवढे घातले तेवढे सगळे जमिनीवर आणि भुशात जाते. झाडे पडतात ती ओहोळाच्या काठी, विहिरीजवळ, कुळागरांत आणि भाताच्या शेतांच्या बांधावर. जळके ऑइल तिथेच उतरते. युरोपात जंगलकामासाठी वनस्पतिजन्य, लवकर विघटन पावणारी तेले वापरण्याकडे कल आहे, तो याच कारणासाठी. सरकारी खात्यांनी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी निदान जळके ऑइल वापरायचे नाही एवढा नियम पाळला, तरी यंत्र आणि पाणी दोन्ही वाचतील. वनस्पतिजन्य तेल फार दिवस टाकीत राहिले तर घट्ट होते. म्हणून हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून ठेवावी लागते, एवढेच पथ्य.

खरेदी होते, देखभाल कुणाची?

राज्यात अग्निशमन दल, वीज खाते, वन खाते, सार्वजनिक बांधकाम खाते, नगरपालिका आणि १९१ ग्रामपंचायती अशा अनेक यंत्रणांचा पडलेल्या झाडांशी संबंध येतो. प्रशिक्षित 'आपदा मित्र' स्वयंसेवकांकडूनही मदतीची अपेक्षा असते. प्रत्येक यंत्रणा स्वतंत्रपणे खरेदी करू लागली की यंत्रांची मापे वेगवेगळी होतात. साखळी ही पिच, गेज आणि खालच्या दात्यांची संख्या या तीन मापांनी ठरते. त्यातले एक जरी जुळले नाही तरी एका यंत्राची साखळी दुसऱ्यावर बसत नाही. वादळाच्या रात्री एका पथकाकडे जास्तीच्या साखळ्या आणि दुसऱ्याकडे रिकामा बार, आणि दोघांना एकमेकांचा उपयोग नाही, ही स्थिती केवळ निविदेतील एका ओळीने टाळता येण्यासारखी आहे.

आपल्या प्रशासकीय व्यवस्थेत नव्या वस्तूची खरेदी हा दिसणारा खर्च असतो. त्याचे छायाचित्र येते, त्याचा आकडा सांगता येतो. कानस, साखळी, बार, स्प्रॉकेट आणि तेल यांचा खर्च यंत्राच्या किमतीच्या मानाने थोडा असतो, पण तो दरवर्षी करावा लागतो आणि त्याचे उद्घाटन होत नाही. त्यामुळे यंत्र दोन पावसाळ्यांत 'निकामी' ठरते आणि पुन्हा नवे घेतले जाते. वास्तविक अशा अनेक यंत्रांचे इंजिन शाबूत असते. झिजलेली असते ती साखळी आणि बार.

यावर असे म्हटले जाईल की, आपत्तीच्या धावपळीत जवानांनी कानस घासत बसायचे का? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही व्यवहारात आहे. धार घटनास्थळी लावायची नसते, तिथे साखळी बदलायची असते. प्रत्येक यंत्राबरोबर धार लावलेल्या दोन किंवा तीन साखळ्या गाडीत असाव्यात. बोथट झालेली काढून दुसरी चढवायला सरावलेल्या हाताला काही मिनिटे पुरतात. उतरवलेल्या साखळ्यांना केंद्रावर परतल्यावर धार लावावी. वाळपई किंवा काणकोणसारख्या झाडझाडोऱ्याच्या भागांतील केंद्रांवर धार लावणारा एक तरी प्रशिक्षित माणूस प्रत्येक पाळीत असावा. विजेवर चालणाऱ्या धार लावण्याच्या यंत्रांचाही उपयोग होतो. मात्र घाईने दाबून घासले तर दात तापून निळा पडतो आणि त्याचा कडकपणा जातो. तेव्हा यंत्र आले म्हणून प्रशिक्षणाची गरज संपत नाही.

यासाठी स्वतंत्र योजना किंवा मोठा निधी लागणार नाही. यंत्रांच्या तक्त्यात शेवटची धार लावल्याची तारीख, बारची स्थिती आणि शिल्लक साखळ्या असे तीन रकाने वाढवावेत. खरेदी करताना पिच आणि गेज सर्व खात्यांसाठी समान ठेवावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत काही दिवसांचा अभ्यासक्रम सुरू केला, तर पंचायतींना जवळच कारागीर मिळतील आणि काही तरुणांना हंगामी का होईना, रोजगारही. पूर्वी गावातला लोहार कोयत्याला धार काढून द्यायचा आणि पाडेली आपले हत्यार स्वतः जपायचा. हत्यार बदलले, ते जपणाऱ्या माणसाची जागा मात्र आपण भरली नाही.

झाडांच्या बाजूने

चेनसॉ म्हटली की वृक्षतोड आठवते, आणि ती भीती निराधार नाही. राज्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. झाड तोडण्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. करवत सुस्थितीत ठेवा, असे सांगणे म्हणजे तोडीला प्रोत्साहन देणे नव्हे. उलट, छाटणीसाठी वापरलेली बोथट करवत झाडाचे अधिक नुकसान करते. ती साल फाडते, जखम वेडीवाकडी करते, आणि अशा जखमेतून बुरशी आणि कूज आत शिरते. फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगवट्याला धक्का न लावता घेतलेला स्वच्छ कापा झाड स्वतःच भरून काढते. मे महिन्यात घाईने ओरबाडलेले झाड दोनचार वर्षांनी त्याच जागी कुजून मोडते आणि पुन्हा रस्त्यावर येते.

झाडे का पडतात, हा मूळ प्रश्न याहून मोठा आहे. रुंदीकरणात तोडलेली मुळे, खोडाला भिडवलेले काँक्रीट, चर खणताना कापलेला आधार ही त्याची कारणे आहेत आणि त्यांचे उत्तर करवतीत नाही. ते काम वर्षभराचे आणि अनेक खात्यांचे आहे. परंतु ते होईपर्यंत झाडे पडणार आहेत, आणि पडलेले झाड कुणाला तरी, भर पावसात, बहुधा अंधारात, कापावे लागणार आहे. वाकून ताणलेल्या फांद्या, खाली अडकलेली वीजवाहिनी, पायांखाली निसरडा चिखल अशा स्थितीत उभ्या असलेल्या माणसाच्या हातात निदान भरवशाचे हत्यार असावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

कुळागर किंवा भाट असलेल्या अनेक घरांतही आता चेनसॉ आली आहे. त्यांच्यासाठी हेच नियम लागू आहेत, आणि एक अधिक: वीजवाहिनीला टेकलेल्या किंवा वाहिनीवर पडलेल्या झाडाला स्वतः हात लावू नये, १०१ किंवा ११२ वर वर्दी द्यावी आणि वीजप्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत दूर राहावे. घरच्या यंत्राचा साखळी-ब्रेक चालतो का, हे प्रत्येक वेळी तपासावे. शिरस्त्राण, डोळ्यांचे संरक्षण, हातमोजे आणि भक्कम बूट यांशिवाय यंत्र सुरू करू नये.

तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली सवय जुनी आहे. येथे तर विहीर खणलेली आहे, दोर आणि बादलीही आहे. फक्त दोर कुजला आहे का, हे पाहायचे राहिले आहे. पुढच्या मान्सूनपूर्व बैठकीत 'करवती किती?' या प्रश्नाबरोबर 'त्यांना धार कधी लावली?' हा प्रश्नही कुणी विचारला, आणि त्याचे उत्तर तारखेसह मिळाले, तर पहिल्या वादळात रस्त्यावर अडकलेल्या माणसांना त्याचा फरक नक्की कळेल.